मुलांना घेऊन जगाच्या वाटेवर : एका वर्षाचा हिशेब



या सदराकडे बहुतेक पत्रे येतात ती मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते आणि लग्नातला वायफळ खर्च यांविषयी. या वेळी मात्र एका भगिनीचे वेगळेच पत्र आले. पती-पत्नी दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीत. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. घरकर्जाचा हप्ता वजा जाता दरमहा तीस हजार रुपये शिल्लक पडतात. ताई लिहितात, "एक वर्ष रजा काढून मुलांना सारे जग दाखवावे असे आम्हा दोघांना वाटते. सासरे म्हणतात, एवढ्या पैशात गावी चार खोल्यांचे घर होईल. शेजारी हसतात. आमचा विचार चुकीचा आहे काय? नसेल तर सुरुवात कोठून करावी?"

ताई, विचार चुकीचा मुळीच नाही. सासऱ्यांचा मुद्दाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आपण भावनेने नव्हे, वही-पेन्सिल घेऊन या प्रश्नाकडे पाहू.

प्रवास हा आपला हक्क आहे

प्रवास म्हणजे श्रीमंतांची चैन, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. पण आपल्या समाजाला प्रवासाचा अर्थ इतरांहून वेगळा आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या आठवणींचे एक छोटे पुस्तक आहे. त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिजा'. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली प्रसिद्ध केले. त्यातली पहिलीच आठवण मुलांच्या प्रवासाची आहे. साल १९०१. लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे असे सारे नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. वडील गोरेगावला नोकरीस होते, त्यांच्याकडे सुटीला निघाले होते. न्यायला कोणी आले नाही. मुले महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाडे कबूल केल्यावर, आणि तीही मुलांनीच हाकायची. गाडीवाला बाजूने पायी चालला. जवळ खायला भरपूर होते, पण रस्त्यात पाणी कोणी दिले नाही. मुले रात्रभर तशीच राहिली.

त्याच पुस्तकात १९३४ सालची दौलताबादची हकिकत आहे. सुमारे तीस कार्यकर्ते बाबासाहेबांबरोबर किल्ला पाहायला गेले. दाराशी असलेल्या हौदातल्या पाण्याने तोंड-पाय धुतले म्हणून दंगा झाला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवून आलेल्या माणसाला स्वतःच्या देशातला किल्ला पाहताना ही वागणूक मिळाली.

तेव्हा आपल्या लेकरांनी पाठीला पिशवी लावून, हातात पासपोर्ट घेऊन, रांगेत इतरांच्या बरोबरीने उभे राहणे याला चैन म्हणता येणार नाही. मसूर स्टेशनावर तहानलेल्या मुलांचे ते देणे आहे. मात्र ते देणे कर्ज काढून फेडायचे नसते, हेही लगेच सांगतो.

बाबासाहेबांनीही पैशाची बाजू पाहूनच परदेशगमन केले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परत आले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे घेतले आणि १९२० साली पुन्हा गेले. मागे रमाईने घर कसे चालवले हे आपण सारे जाणतो. जाणाऱ्याचा खर्च जसा मांडावा, तसा मागे राहणाऱ्यांचाही मांडावा लागतो. ताई, तुमच्या सासऱ्यांचे औषधपाणी हा तुमच्या वहीतला पहिला रकाना असू द्या.

मुलांचे वय आणि शाळा

फार लहान मूल काही लक्षात ठेवत नाही, आणि नववी-दहावीच्या मुलाला वर्षभर शाळेतून काढणे परवडत नाही. दहा ते तेरा हे वय त्यातल्या त्यात योग्य. मूल नकाशा वाचू शकते, स्वतःची पिशवी उचलते, आणि अजून आई-वडिलांचा हात सोडलेला नसतो.

वर्ष वाया जाईल ही भीती बहुतेकांना असते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ प्रमाणे सहा ते चौदा वयाचे शाळाबाह्य मूल आले तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. तरीही निघण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर राहू नये, कारण वर्षभरात मुख्याध्यापकही बदलतात. मुलांना शिष्यवृत्ती असेल तर हजेरीची अट नीट वाचावी. शाळा सोडल्याचा दाखला काढायचा की नाव पटावर ठेवायचे, हे याच वेळी ठरवावे. बालभारतीची पुस्तके संगणकावर व मोबाईलवर विनामूल्य मिळतात. रोज सकाळी एक तास गणित आणि अर्धा तास मराठी, एवढा नेम कोणत्याही देशात पाळता येतो. इतिहास-भूगोल तर पायाखालीच असतो.

रजेचा हिशेब

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते व ती ३०० दिवसांपर्यंत साठते. पण एका वेळी १८० दिवसांहून अधिक अर्जित रजा सहसा घेता येत नाही. पुढचे महिने अर्धपगारी किंवा बिनपगारी रजेवर काढावे लागतात. बिनपगारी असाधारण रजेचा परिणाम वेतनवाढीवर आणि निवृत्तिवेतनास धरावयाच्या सेवेवर होऊ शकतो. आस्थापना शाखेतून हे लिहून घ्यावे. परदेशी जाण्यास कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते, तीही आधी.

आता एक गोष्ट, जी कारकुनी करणाऱ्यालाच चटकन सुचते. साठलेल्या अर्जित रजेचे निवृत्तीच्या वेळी रोख पैसे मिळतात, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे. म्हणजे आज १८० दिवस रजा वापरली तर निवृत्तीच्या वेळचा सहा महिन्यांचा पगार आज खर्च केला असे समजावे. रजा 'फुकट' नसते. हा आकडा सहलीच्या खर्चात धरलाच पाहिजे. बहुतेक लोक तो धरत नाहीत, आणि मग निवृत्तीच्या दिवशी हळहळतात.

पैशाचा हिशेब

खर्चाचे दोन भाग पाडावेत. स्वस्त देश आणि महाग देश. चौघांच्या राहण्या-खाण्या-फिरण्याचा खर्च स्वस्त देशात रोज ५,००० आणि महाग देशात रोज १५,००० रुपये, असा काटकसरीचा अंदाज समजुतीसाठी धरू. अकरा महिन्यांत २०० दिवस स्वस्त देशात आणि १३० दिवस महाग देशात काढले, तर पहिल्याचे १० लाख आणि दुसऱ्याचे साडेएकोणीस लाख होतात. विमान, व्हिजा व विमा यांचे चौघांचे १२ लाख धरले तर एकूण साडेएक्केचाळीस लाख. आता महाग देशातले दिवस १३० वरून ५० वर आणा आणि तेवढे दिवस स्वस्त देशात वाढवा. ८ लाख रुपये वाचतात. सहलीचा खर्च देशांच्या संख्येपेक्षा महाग देशातल्या रात्रींवर ठरतो, हे यातून ध्यानात यावे.

दुसऱ्या बाजूला शिल्लक पाहा. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा १०,००० रुपये भरले आणि व्याजदर ६.७ टक्के धरला, तर मुदतीअखेर सुमारे ७ लाख १३ हजार हाती येतात. तुमचे तीस हजारच्या तीस हजार भरले, तर सुमारे २१ लाख ४० हजार. म्हणजे पाच वर्षांनी निम्मी रक्कम जमेल, आणि तेव्हा मुलगी दहावीत असेल!

ही वस्तुस्थिती आहे. ती लपवून मी तुम्हाला 'स्वप्न पाहा' एवढेच सांगितले तर या सदराचा उपयोग काय? व्यक्तिगत कर्ज काढून, पतसंस्थेचा बोजा घेऊन किंवा भविष्य निर्वाह निधी रिकामा करून जगप्रवासाला निघू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मुलीच्या उच्च शिक्षणाचा पैसा तिच्या सहलीवर उडवणे म्हणजे बियाणे दळून भाकरी करणे होय. आणि बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग द्यावयास सांगितला होता, तोही सहलीच्या नावाखाली बंद पडू नये.

मग वाट बंद झाली का? नाही. उत्तर पुढे देतो. आधी कागद आणि मार्ग पाहू.

कागदपत्रे : आपल्या घरातली खरी अडचण

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा वयाच्या अठरा वर्षांपर्यंतचा, यांतला जो आधी संपेल तेवढा असतो. अनेक देश प्रवासानंतर सहा महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणून निघण्याच्या वर्षीच नवा काढलेला बरा.

आपल्या कुटुंबांत नावाचा घोळ फार असतो. आजोबांचे आडनाव एक, वडिलांनी शाळेत लावलेले दुसरे, दीक्षेनंतर कोणी बदललेले तिसरे. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारकार्डावर दुसरे. देशात हे खपून जाते, परदेशी वकिलातीत खपत नाही. पासपोर्टआधी चौघांचे सारे दाखले एका ओळीत आणावेत. राजपत्रात नावबदल करायचा असेल तर वर्षभर आधी करावा. जातीचे प्रमाणपत्र आणि जातवैधतेचे कागद मात्र प्रवासात नेऊ नयेत. ते घरी जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवावेत.

१९१७ साली बाबासाहेब परतले तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली आणि त्यांची मौल्यवान पुस्तके समुद्रात गेली. शंभर वर्षांनंतरही बोध तोच आहे. जे गमावून चालणार नाही त्याची एक प्रत दुसरीकडे असावी.

व्हिजाच्या तारखा हे वर्षभराच्या प्रवासाचे खरे कोडे आहे. जपानचा एकवेळचा व्हिजा दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि तेथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. ब्रिटनचा अर्ज तीन महिन्यांहून आधी घेत नाहीत. त्यामुळे ब्रिटन प्रवासाच्या उत्तरार्धात असेल तर घरूनच दोन वर्षांचा महाग व्हिजा काढून ठेवावा, नाहीतर वाटेतल्या देशातून अर्ज करावा. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी काही वेळा फार महिने थांबावे लागते, म्हणून तो सर्वांत आधी. हे नियम बदलत असतात. दलालाच्या नव्हे, त्या त्या वकिलातीच्या अधिकृत माहितीवरच विसंबावे.

विमान कंपन्यांच्या संघटना 'राउंड द वर्ल्ड' तिकीट देतात. एकाच दिशेने, पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर ओलांडून, वर्षाच्या आत फेरी पूर्ण करायची, अशी त्याची अट असते. कंपनीची पॅकेज सहल घेतली तर टीसीएस नावाने कर आधीच वसूल होतो. तो खर्च नव्हे. आयकर विवरणपत्र भरून तो वळता करता येतो. पावती मात्र जपून ठेवावी.

बाबासाहेबांच्या आणि धम्माच्या मार्गाने

जग मोठे आहे. सारे पाहायला गेले तर काहीच पाहून होत नाही. म्हणून प्रवासाला एक सूत्र असावे. आपल्यापुढे सूत्र तयार आहे. तथागतांनी साठ भिक्खूंना सारनाथहून निरनिराळ्या दिशांना पाठवले, दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगून. तो धम्म कोठवर पोहोचला हे पाहावे. आणि बाबासाहेब जेथे शिकले, जेथे बोलले, तेथे जावे.

सुरुवात वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत करावी. वेसकच्या दिवसांत कोलंबोचे रस्ते आकाशकंदिलांनी उजळतात आणि दन्सल नावाच्या मांडवांत येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही मोफत जेवण देतात. तेथे जात कोणी विचारत नाही, आणि पाणी तर आधी पुढे येते. अनुराधपुरचा बोधिवृक्ष संघमित्रेने नेलेल्या फांदीचा. एका मुलीने समुद्र ओलांडून धम्म नेला, हे आपल्या मुलींना त्या झाडाखाली उभे करून सांगावे. कँडी येथे १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब स्वतः गेले होते.

तेथून थायलंडमार्गे जून-जुलैत जावा बेटावर बोरोबुदुर. तेव्हा तिकडे कोरडा हंगाम असतो. नवव्या शतकातला हा महास्तूप. ५०४ बुद्धमूर्ती, वरच्या मजल्यांवर ७२ जाळीदार स्तूप, आणि भिंतींवर सिद्धार्थाचे चरित्र दगडात कोरलेले. पुस्तक न उघडता मुलांना बुद्धचरित्र चालत चालत वाचता येते. हा देश मुस्लिमबहुल, तरी हा ठेवा त्यांनी जपला आहे, हेही सांगावे.

ऑगस्टमध्ये जपान. नारा येथे पंधरा मीटर उंचीचा महाबुद्ध आहे. त्याच मंदिरातल्या एका खांबाला खाली आरपार भोक आहे, बुद्धमूर्तीच्या नाकपुडीएवढे म्हणतात. त्यातून सरपटत जायला मुलांची झुंबड उडते. कोयासान विद्यापीठात १० सप्टेंबर २०१५ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हिरोशिमाला ६ ऑगस्ट रोजी अणुबाँबच्या बळींचे स्मरण होते. तेथे सादाको सासाकी या मुलीच्या स्मृतीने उभारलेल्या बालस्मारकाला जगभरची मुले कागदी बगळे वाहतात. युद्ध की बुद्ध, या प्रश्नाचे उत्तर मुलांना तेथे शिकवावे लागत नाही.

पॅसिफिक ओलांडताना पूर्वेकडे जाणाऱ्यास तीच तारीख दोनदा मिळते. मुलांना हे कोडे घालावे आणि पृथ्वीचा गोल घेऊन समजवावे.

अमेरिकेत महाग दिवस मोजके ठेवून दोन ठिकाणे पाहावीत. माँटगोमेरी शहर, जेथे १९५५ साली रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. आणि न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तेथे लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले असता केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली. ते आधी चकित झाले, मग त्यांना ते पटले, असे त्यांनीच पुढे प्रवचनात सांगितले. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. दोन समाजांची दुःखे एकमेकांना फार पूर्वीपासून ओळखतात.

लंडनला १०, किंग हेन्रीज रोड हे घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून तेथे संग्रहालय चालवण्याचा वाद झाला आणि २०२० साली परवानगी मिळाली. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावती स्तूपाची शिल्पे आहेत. आंध्रची ही शिल्पे येथे कशी आली, असे मुले विचारतील. विचारू द्यावे.

पुढे हंगेरी. तेथल्या रोमा लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून गेले, असे भाषाशास्त्र सांगते. त्यांची वस्ती गावाबाहेर आणि त्यांची मुले शाळेत वेगळी बसवलेली, हे आपल्याला नवे नाही. त्यांच्यातल्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेब वाचले, जयभीम नेटवर्क उभे केले आणि २००७ साली साजोकाझा या गावी डॉ. आंबेडकर शाळा सुरू केली. आधी पत्र पाठवून, परवानगी घेऊनच जावे. शाळा हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. पण परक्या भाषेत 'जयभीम' ऐकून तुमच्या मुलांना जे कळेल, ते दहा व्याख्यानांनी कळणार नाही.

डिसेंबर-जानेवारीत दक्षिण आफ्रिका, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. केपटाऊनहून बोटीने रॉबेन बेटावर जावे. मंडेलांनी सत्तावीस वर्षांच्या कैदेतली अठरा तेथे काढली. शेवटी नेपाळ. काठमांडूला नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब परिषदेस आले होते, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी. तेथून लुंबिनी, मग सोनौलीची सीमा ओलांडून कुशीनगर. १४ एप्रिलला आपल्या विहारात हजर.

प्रकृती आणि मुलांची कामे

निघण्याच्या तीन महिने आधी बालरोगतज्ज्ञांना मार्ग दाखवून लसींचे वेळापत्रक करून घ्यावे. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून परतताना लसीचा दाखला नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवस वेगळे ठेवतात. दाखला लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. वैद्यकीय विमा सोडून काटकसर करू नये. अमेरिकेत एक आजारपण सारी शिल्लक खाऊ शकते.

कामे मुलगा-मुलगी दोघांना सारखी वाटावीत. मुलीने कपडे धुवावेत आणि मुलाने फोटो काढावेत, असे जगभर फिरवून आणले तर घरीच बसलेले बरे. मुलीने रोजचा जमाखर्च लिहावा, मुलाने रोज एक चित्र काढावे. रात्री पाच मिनिटे त्रिसरण-पंचशील, आणि दिवसभरात कोणी मदत केली त्याची आठवण.

मग तुमचे काय?

ताई, तुमच्या आकड्यांवरून मला असे दिसते की सलग वर्ष तुम्हाला आज परवडत नाही. दहावीआधी परवडणारही नाही. पण हीच यात्रा सहा वर्षांत पसरवता येते. दरमहाचे तीस हजार आजपासून आवर्ती ठेवीत घाला. दोन उन्हाळी सुट्या अधूनमधून लागणाऱ्या छोट्या प्रवासांच्या. पहिली लुंबिनीची. गोरखपूरपर्यंतच्या भाड्याला रजा प्रवास सवलत नियमांप्रमाणे मिळू शकते, पुढचा खर्च स्वतःचा. दुसरी श्रीलंकेची. दोन्हींना मिळून चार लाख धरा. ते ठेवीला हात न लावता बोनस, महागाई भत्त्याची थकबाकी अशा वरकड रकमेतून जमवा. जमले नाही तर तेवढे मोठ्या प्रवासातून कमी करा. मग मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावी सुरू होईपर्यंत मोकळे दिवस असतात. तेव्हा साठ दिवसांचा मोठा प्रवास : लंडन, हंगेरी, न्यूयॉर्क. साठ दिवसांचे ९ लाख, विमान-व्हिजा-विमा ८ लाख, म्हणजे १७ लाख. हाती २१ लाख ४०. उरलेले मुलीच्या अकरावीला. गावचे घरही बुडत नाही, रजाही साठ दिवसांचीच लागते, आणि कर्ज नाही. सासऱ्यांना हा कागद दाखवा. शक्य तर लुंबिनीला त्यांनाच बरोबर न्या.

ज्यांच्याजवळ तीस हजार काय, तीन हजारही उरत नाहीत, अशा वाचकांनी हे वाचून खिन्न होऊ नये. बोधगयेला जा. थायलंड, जपान, भूतान, म्यानमार, व्हिएतनाम, साऱ्या देशांचे विहार एका गावात आहेत. तीन दिवसांत मुलांना अर्धे बौद्ध जग पायी पाहता येते. महाबोधी विहाराचे व्यवस्थापन १९४९ च्या कायद्याने कसे चालते आणि २०२५ साली बौद्धांनी आंदोलन का केले, हेही तेथेच सांगावे. तेही जमत नसेल तर कार्ल्याची लेणी पाहा. तेथल्या खांबांवर यवन दात्यांचे शिलालेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी जगच आपल्या डोंगरावर येत होते.

आणि एक वाट लक्षात ठेवा, जिच्यासाठी बापाची शिल्लक लागत नाही. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. केंद्राच्या योजनेत २०२१-२२ पासून वर्षाला १२५ जागा आहेत, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, आणि राज्याच्या योजनेत ७५. उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी आहेत, त्या वेळीच वाचाव्यात. लुंबिनीच्या स्तंभापुढे आज उभी असलेली तुमची लेक उद्या स्वतःच्या गुणांवर कोलंबियाच्या ग्रंथालयात बसू शकते. तोवर तिचे इंग्रजी, तिचे गणित आणि तिचे सारे दाखले नीट ठेवणे एवढेच आपले काम.

येत्या पौर्णिमेला विहारातून घरी आल्यावर चौघांनी मिळून एक दोनशे पानी वही आणावी. पहिल्या पानावर जगाचा नकाशा मुलांनी काढावा. दुसऱ्या पानावर जमा आणि खर्च असे दोन रकाने आखावेत. आखणी मुलीच्या हातची असावी.

जयभीम. नमो बुद्धाय.